अंतर्गत ई-मेलमधील हरवलेली स्वाक्षरी : कारणे व तपासणी

कार्यालयातून निघणाऱ्या पत्राखाली सही, सहीखाली नाव व पदनाम आणि त्याखाली कार्यालयाचा पत्ता असावा, हा प्रघात कागदी पत्रव्यवहाराच्या काळात इतका अंगवळणी पडलेला होता की त्याचा वेगळा विचार कोणी करीत नसे. सही वाचता आली नाही तरी रबरी शिक्का वाचता येई. ई-मेलचा वापर रूढ झाल्यावर हा शिक्का मारण्याचे काम यंत्राकडे गेले. संदेशाच्या तळाशी पाठविणाऱ्याचे नाव, पदनाम, शाखा व दूरध्वनी क्रमांक आपोआप उमटविणाऱ्या मजकुरास 'स्वयंचलित स्वाक्षरी' म्हणण्यात येते. या सोयीसंबंधी संगणक कक्षाकडे येणारी एक तक्रार मोठी नमुनेदार आहे. बाहेरच्या ग्राहकास पाठविलेल्या संदेशावर स्वाक्षरी उमटते. परंतु त्याच व्यक्तीने शेजारच्या शाखेतील सहकाऱ्यास पाठविलेल्या संदेशावर ती नसते.

तक्रार वरवर पाहता क्षुल्लक वाटते. सहकारी एकमेकांस ओळखतातच, मग नाव हवे कशाला, असे उत्तर कित्येकदा देण्यात येते. हे उत्तर लहान कार्यालयापुरते ठीक आहे. समजा, एखाद्या कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईस आहे आणि कारखाना नाशिकजवळ आहे. भांडार विभागाच्या सामाईक पत्त्यावरून 'सदर माल आज सोडू नये' असा एका ओळीचा संदेश कारखान्यास जातो. त्या पत्त्यावरून तिघे जण काम करतात. संदेशाखाली नाव नाही. माल अडकून पडतो, नुकसान होते आणि दोन वर्षांनी लेखापरीक्षणाच्या वेळी विचारणा होते की, हा आदेश कोणी दिला? तोपर्यंत तिघांपैकी एक सेवानिवृत्त झालेला असतो आणि दुसऱ्याची बदली झालेली असते. राहिलेल्या तिसऱ्यावर संशय येतो. तोंडी आदेशाला साक्षीदार तरी असतो. निनावी लेखी आदेशाला तोही नसतो.

सार्वजनिक कार्यालयांच्या बाबतीत या गोष्टीस आणखी एक बाजू आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम २ मध्ये 'माहिती' या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तीत ई-मेलचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे दोन शाखांमधील ई-मेल हाही अभिलेखाचा भाग होऊ शकतो आणि अर्जदार त्याची प्रत मागू शकतो. त्या प्रतीवर केवळ पत्ता असेल आणि पदनाम नसेल, तर ती वाचणाऱ्यास कोणत्या अधिकाराने काय लिहिले गेले याचा बोध होत नाही.

येथे एक गल्लत प्रारंभीच दूर करणे अगत्याचे आहे. ज्या स्वाक्षरीचा विचार आपण करीत आहोत ती माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील अंकीय स्वाक्षरी नव्हे. अंकीय स्वाक्षरी ही गणिती प्रक्रियेने संदेशास जखडलेली असते. मजकुरातील एक अक्षर जरी बदलले तरी पडताळणी फसते. स्वयंचलित स्वाक्षरी मात्र निव्वळ मजकूर आहे. कोणीही कोणाचेही नाव व पदनाम टंकलिखित करू शकतो. त्यामुळे ती असली म्हणून संदेश खरा ठरत नाही आणि नसली म्हणून खोटा ठरत नाही. खालच्या शिक्क्याची जी किंमत कागदावर होती, तेवढीच तिची येथे आहे.

शिक्का कोठे मारला जातो?

ई-मेल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे नेण्याचे नियम १९८२ साली निश्चित झाले. त्यांस 'एसएमटीपी' म्हणतात. त्याच वर्षी संदेशाच्या मांडणीचेही मानक ठरले. प्रेषक, प्राप्तकर्ता, दिनांक, विषय यांसाठी त्यात ठराविक शीर्षके आहेत. सहीखालच्या नाव-पदनामासाठी मात्र वेगळे शीर्षक नाही. स्वाक्षरी ही मजकुराच्या शेवटी चिकटविलेल्या चार ओळी होत, एवढेच यंत्रास ठाऊक असते. साहजिकच ती कोणी आणि केव्हा चिकटवायची, हे प्रत्येक व्यवस्थेने आपापल्या परीने ठरविले. हरवलेल्या स्वाक्षरीचे बहुतेक सर्व प्रकार येथूनच उद्भवतात.

स्वाक्षरी लावण्याची ठिकाणे मुख्यतः दोन आहेत. पहिले ठिकाण म्हणजे लिहिणाऱ्याचा स्वतःचा संगणक. आउटलुक किंवा जीमेल यांसारख्या कार्यक्रमात एकदा मजकूर भरून ठेवला की नवा संदेश उघडताच तो तळाशी येऊन बसतो. दुसरे ठिकाण म्हणजे संस्थेचा सर्व्हर. लिहिणारा काहीही न लावता संदेश सोडतो आणि वाटेत सर्व्हर त्यावर सर्वांसाठी ठरविलेल्या नमुन्यातील मजकूर जोडतो. पहिली पद्धत म्हणजे टेबलावरचा शिक्का आणि दुसरी म्हणजे बारनिशीतला शिक्का, असे म्हणता येईल.

ही तुलना आणखी पुढे नेण्यासारखी आहे. कोणत्याही कार्यालयात बाहेर जाणारे पत्र बारनिशीतून जाते, तेथे त्यास जावक क्रमांक पडतो आणि पाकिटावर कार्यालयाचा शिक्का बसतो. एका शाखेची टिपणी दुसऱ्या शाखेकडे जाते तेव्हा ती शिपायाच्या हातून थेट टेबलावर पोहोचते. बारनिशीचा तिच्याशी संबंध येत नाही. तिच्यावर जावक शिक्का का नाही, असे कोणी विचारीत नाही. ई-मेलच्या व्यवहारात नेमके हेच घडते. फक्त ते डोळ्यांना दिसत नसल्यामुळे त्यास बिघाड समजण्यात येते. म्हणून तक्रार आली की पहिला प्रश्न 'स्वाक्षरी का गेली?' हा नसून 'ती कोण लावीत होते आणि हा संदेश त्याच्या हाताखालून गेला का?' हा असला पाहिजे.

केवळ बाहेरच्यांसाठी नियम कसे झाले?

सर्व्हरवरून मजकूर जोडण्याची पद्धत मुळात बाहेरच्या जगासाठी जन्मास आली. ब्रिटनमध्ये कंपनीचे नाव, नोंदणी क्रमांक व नोंदणीकृत पत्ता ही माहिती व्यावसायिक ई-मेलवरही देणे १ जानेवारी २००७ पासून बंधनकारक झाले. जर्मनीतही त्याच दिवसापासून व्यावसायिक पत्रांसंबंधीचे नियम ई-मेलला स्पष्टपणे लागू करण्यात आले. भारतात कंपनी अधिनियम, २०१३ याच्या कलम १२ अन्वये कंपनीने आपले नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, ओळख क्रमांक इत्यादी तपशील व्यावसायिक पत्रे, बिले व सूचना यांवर छापावयाचा असतो. या सर्व तरतुदींचा रोख त्रयस्थ माणसाकडे आहे. कंपनी कोणती, हे तिच्याच नोकरास सांगण्याचे कारण नाही. 'हा संदेश चुकून आपणांस मिळाला असल्यास नष्ट करावा' अशा प्रकारची लांबलचक सूचनाही बाहेरच्यांनाच उद्देशून असते. परिणामी तळटिपेचा नियम तयार करताना 'प्राप्तकर्ता संस्थेबाहेरील असल्यास' ही अट घालण्याचा प्रघात पडला. पुढे त्याच तळटिपेत कोणीतरी नाव व पदनाम घातले आणि ती स्वाक्षरीचे काम करू लागली. अट मात्र तशीच राहिली.

मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सचेंज' या सर्व्हर-व्यवस्थेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. तिच्या २००० आणि २००३ च्या आवृत्त्यांत तळटीप जोडण्यासाठी लिहिलेला छोटा कार्यक्रम एसएमटीपीच्या मार्गाने आलेल्या संदेशांतच बदल करू शके. आउटलुकमधून त्या व्यवस्थेच्या स्वतःच्या मार्गाने सर्व्हरवर येणाऱ्या अंतर्गत संदेशास तो हात लावू शकत नसे. म्हणजे तेव्हा अंतर्गत संदेशावर तळटीप नसणे हा व्यवस्थेच्या रचनेचाच परिणाम होता. २००७ च्या आवृत्तीत ही रचना बदलण्यात आली. एकाच सर्व्हरवरील दोन टपालपेट्यांमधील संदेशही वाहतूक पाहणाऱ्या मध्यवर्ती घटकातूनच जाईल, अशी योजना झाली. म्हणजे टिपणीसुद्धा बारनिशीतून जाऊ लागली. २०१० च्या आवृत्तीपासून तळटिपेत रंग, ठसा व दुवे देता येऊ लागले, तसेच संस्थेच्या कर्मचारी-सूचीतून प्रत्येकाचे नाव, पदनाम व दूरध्वनी आपोआप उचलण्याची सोय झाली. यानंतर अंतर्गत संदेशावर स्वाक्षरी लावण्यास यंत्राची आडकाठी उरली नाही. आडकाठी उरली ती नियमात लिहिलेल्या अटीची.

ही अट पाहण्याचे काम संगणक प्रशासकाचे आहे. एक्सचेंजच्या व्यवस्थापन-पटलावर टपाल-वाहतुकीच्या नियमांत संबंधित नियम उघडावा आणि प्राप्तकर्ता 'संस्थेबाहेरील' असण्याची अट आहे काय, हे पाहावे. ती असल्यास काढावी अथवा अंतर्गत संदेशांसाठी छोट्या मजकुराचा दुसरा नियम करावा. दुसरा मार्ग अधिक चांगला. त्याचे कारण पुढे येईल. नियम 'चाचणी' अवस्थेत ठेवलेला नाही ना, तसेच त्याच्या आधीच्या एखाद्या नियमात 'यापुढील नियम लागू करू नयेत' अशी खूण केलेली नाही ना, याचीही खात्री करून घ्यावी. गूगलच्या संस्थांसाठी असलेल्या सेवेत प्रशासकास तळटीप जोडण्याची सोय आहे. तेथे संस्थेंतर्गत संदेशांनाही ती जोडावी काय, यासाठी एक स्वतंत्र चौकट दिलेली आहे. ती चौकट रिकामी राहिली की बाहेरच्या संदेशांना तळटीप लागते आणि आतले संदेश तसेच जातात. अनेकदा साऱ्या तक्रारीचे मूळ या एका चौकटीत सापडते.

काही संस्थांनी हे काम बाहेरच्या स्वतंत्र सेवेकडे किंवा जाळ्याच्या सीमेवरील उपकरणाकडे दिलेले असते. तेथे प्रश्न अटीचा नसून वाटेचा असतो. अंतर्गत संदेश सीमेपर्यंत जातच नाही. म्हणून तो मुद्दाम त्या सेवेकडे वळवून परत आणावा लागतो.

उत्तर आणि नवा संदेश

स्वाक्षरी लिहिणाऱ्याच्या संगणकावरच लागत असेल, तर तपासाची दिशा निराळी होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे बरेच श्रम वाचतात. आउटलुकमध्ये नव्या संदेशाची खिडकी उघडताक्षणी स्वाक्षरी तळाशी येते. त्या वेळी प्राप्तकर्त्याचा पत्ता लिहिलेलाही नसतो. जो पत्ता अजून ठाऊकच नाही तो आतला की बाहेरचा हे कार्यक्रमास कसे कळणार? तेव्हा संगणकावरची स्वाक्षरी 'केवळ अंतर्गत संदेशांवर' नाहीशी होते, हे विधान सहसा खरे नसते. तक्रारदार खोटे बोलत असतो असे नाही. त्याने दोन गोष्टी एकत्र पाहिलेल्या असतात आणि त्यांतील चुकीच्या गोष्टीस कारण मानलेले असते.

खरे कारण बहुधा असे असते. बाहेरच्या व्यक्तीस आपण पुष्कळदा नवा संदेश लिहितो. सहकाऱ्याशी होणारा व्यवहार मात्र बव्हंशी उत्तरे आणि पुढे पाठविलेले संदेश यांचाच असतो. आउटलुकच्या स्वाक्षरीच्या खिडकीत 'नवीन संदेश' आणि 'उत्तरे व पुढे पाठविणे' यांसाठी दोन वेगवेगळ्या निवडी आहेत. पहिली भरली आणि दुसरी 'काही नाही' अशीच राहिली, की उत्तरांवर स्वाक्षरी येत नाही. जीमेलमध्येही या दोन निवडी स्वतंत्र आहेत. शिवाय आउटलुकमध्ये त्या प्रत्येक खात्यासाठी वेगळ्या ठरवाव्या लागतात. स्वतःच्या खात्यास स्वाक्षरी ठरवून दिली, पण शाखेचे दुसरे खाते त्याच संगणकावर जोडून त्यास ती दिली नाही, तर शाखेच्या पत्त्यावरून जाणारा संदेश कोराच राहतो. नाशिकच्या कारखान्याच्या उदाहरणातील तो एका ओळीचा आदेश असाच गेला असणे शक्य आहे.

संगणक बदलल्यावर स्वाक्षरी हरवणे हाही नेहमीचा अनुभव. आउटलुकच्या जुन्या पद्धतीत स्वाक्षऱ्या त्या त्या संगणकावरील एका कप्प्यात फाइलींच्या रूपाने साठविल्या जातात. नवा संगणक आला की तो कप्पा रिकामा असतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या नव्या आवृत्त्यांत स्वाक्षरी खात्याबरोबर साठविण्याची सोय आलेली आहे. तथापि सर्व संस्थांत सारखीच आवृत्ती वापरात नसते. भ्रमणध्वनीवरील कार्यक्रमाचा हिशेबही वेगळा आहे. त्याची स्वाक्षरी त्याच्यातच भरावी लागते. ती भरली नाही, तर दूरध्वनी-उत्पादकाची किंवा कार्यक्रमाची जाहिरात करणारी एक ओळ तळाशी जाते, हे अनेक वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या संदेशांवरून दिसून येते. सहकाऱ्यास दोन शब्दांचे उत्तर प्रवासात भ्रमणध्वनीवरूनच दिले जाते. त्यामुळे येथेही दोष अंतर्गत संदेशांच्या माथी येतो.

आणखी एक कारण सुंदर स्वाक्षरीच्या हौसेतून निर्माण होते. काही संस्था नाव, पदनाम व बोधचिन्ह एकत्र रेखाटून त्याचे एकच चित्र करतात. आउटलुक प्रत्येक स्वाक्षरीच्या तीन प्रती ठेवतो. त्यांतील एक साध्या मजकुराची असते. एखादा संदेश साध्या मजकुराच्या स्वरूपात आलेला असेल तर त्याचे उत्तरही त्याच स्वरूपात जाते आणि साध्या मजकुरात चित्रास जागा नसते. स्वाक्षरी लागते, पण तिच्यात अक्षर म्हणून काही नसल्यामुळे वाचणाऱ्यास काहीच दिसत नाही. नाव व पदनाम नेहमी अक्षरांतच असावे. चित्र द्यायचेच असेल तर ते त्यास जोड म्हणून द्यावे.

अपवादाचा अपवाद

सर्व्हरच्या नियमांकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण सर्वांत चकविणारा प्रकार तेथे आहे. 'बाहेरील' ही अट काढून नियम अंतर्गत संदेशांसही लागू केला, म्हणजे काही दिवसांतच उलटी तक्रार सुरू होते. चार जणांनी एकमेकांस दहा उत्तरे दिली की तळाशी दहा तळटिपा जमा होतात. त्या प्रत्येकाच्या उत्तराखाली येत नाहीत. सर्व्हर मजकूर जोडतो तो संपूर्ण साखळीच्या अगदी शेवटी, म्हणून कोणते नाव कोणत्या उत्तराचे हेही कळेनासे होते. यावर तोडगा म्हणून नियमास अपवाद घालण्यात येतो : संदेशात तळटिपेतील अमुक शब्द आधीच असतील, तर पुन्हा तळटीप लावू नये. हा अपवाद सूचनावजा मजकुरासाठी योग्यच आहे. गोपनीयतेची सूचना एकदा आली की पुरे.

परंतु त्या तळटिपेत व्यक्तीचे नाव असेल तर काय होईल, याचा विचार करावा. मुंबईच्या अधिकाऱ्याने नवा संदेश लिहिला. त्यावर त्याची स्वाक्षरी कंपनीच्या पत्त्यासह उमटली. नाशिकच्या व्यवस्थापकाने उत्तर दिले. उत्तराखाली मूळ संदेश आहे, त्यात कंपनीचा पत्ता आहे आणि तो पत्ताच अपवादाची खूण आहे. सर्व्हर म्हणतो, तळटीप आधीच लागलेली आहे. व्यवस्थापकाचे उत्तर बिननावाचे जाते आणि त्याखाली जे एकमेव नाव दिसते ते मुंबईच्या अधिकाऱ्याचे असते. घाईने वाचणारा व्यवस्थापकाचे म्हणणे अधिकाऱ्याच्या नावावर जमा करील. स्वाक्षरी नसण्यापेक्षा हा प्रकार अधिक घातक होय.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. संस्थेची सूचना व पत्ता सर्व्हरने लावावा, तो बाहेरील संदेशांस लावावा आणि त्यास पुनरावृत्तीचा अपवाद असावा. व्यक्तीचे नाव, पदनाम व शाखा मात्र लिहिणाऱ्याच्या संगणकावर लागावी, म्हणजे ती त्याच्याच उत्तराच्या खाली बसेल. सर्व्हरवरूनच नाव लावण्याचा आग्रह असेल, तर त्यासाठी अपवादाविना दुसरा, दोन ओळींचा नियम असावा आणि साखळी लांबण्याचा त्रास पत्करावा.

दिसत नाही म्हणजे नाही, असे नव्हे

कित्येकदा स्वाक्षरी लागलेली असते आणि तक्रारदारास ती दिसत नाही. सर्व्हरने जोडलेला मजकूर 'पाठविलेले' या कप्प्यातील प्रतीत नसतो, कारण ती प्रत संदेश सर्व्हरच्या हाती जाण्यापूर्वीच्या स्वरूपात ठेवलेली असते. जावक शिक्का मूळ पत्रावर बसतो, नस्तीतल्या स्थळप्रतीवर बसत नाही, तसेच हे आहे. म्हणून पडताळणी नेहमी प्राप्तकर्त्याकडील प्रतीवरून करावी. जीमेलमध्ये एकाच संभाषणातील पुन्हा पुन्हा येणारा मजकूर तीन ठिपक्यांमागे दुमडून ठेवला जातो आणि स्वाक्षरी तर प्रत्येक उत्तरात सारखीच असते. ते ठिपके दाबल्यावर ती आढळते.

कूटबद्ध केलेल्या अथवा अंकीय स्वाक्षरी केलेल्या संदेशांची गोष्ट आणखी वेगळी आहे. कूटबद्ध संदेश सर्व्हरला वाचता येत नाही, मग त्यात भर कोठून घालणार? अंकीय स्वाक्षरीच्या संदेशात भर घातली, तर पडताळणीच फसेल. एक्सचेंजच्या नियमात अशा वेळी काय करावे याचे तीन पर्याय असतात : संदेश नव्या आवरणात घालून वर तळटीप लावणे, तळटिपेविना पुढे जाऊ देणे किंवा संदेश परत पाठविणे. दुसरा पर्याय निवडलेला असेल, तर असे संदेश स्वाक्षरीविना पोहोचणार, हे गृहीत धरले पाहिजे. वित्त व कार्मिक शाखांत कूटबद्ध संदेश अधिक असतात. म्हणून 'फक्त त्याच शाखांची स्वाक्षरी जाते' असे आढळल्यास प्रथम इकडे पाहावे.

एकाच व्यक्तीची तक्रार असेल, तर नियम बहुधा ठीक असतो आणि चूक कर्मचारी-सूचीत असते. नियम एखाद्या गटातील सदस्यांनाच लागू केलेला असतो आणि बदलून आलेल्या कर्मचाऱ्याचे नाव त्या गटात चढविलेले नसते. किंवा नाव असते, पण पदनाम व दूरध्वनीची घरे रिकामी असतात आणि स्वाक्षरीच्या जागी कोऱ्या ओळी येतात. हे काम संगणक कक्षाचे असले तरी माहिती आस्थापना शाखेकडे असते. या दोन शाखांचा मेळ नसेल, तर स्वाक्षरीत जुने पदनाम वर्षानुवर्षे टिकून राहते.

तपासणीचा क्रम

प्रत्यक्ष तपासासाठी फार साधने लागत नाहीत. तक्रारदाराने एकाच संगणकावरून, एकाच खात्यातून तीन संदेश पाठवावेत : पहिला बाहेरच्या पत्त्यावर नवा, दुसरा सहकाऱ्यास नवा आणि तिसरा सहकाऱ्याच्या संदेशास उत्तर म्हणून. तिन्ही संदेश ज्यांना मिळाले त्यांच्याकडे पाहावेत. पहिल्या दोहोंवर स्वाक्षरी असून तिसऱ्यावर नसेल, तर 'उत्तरे' ही निवड अथवा सर्व्हरवरील पुनरावृत्तीचा अपवाद यांपैकी एक कारण आहे. संदेश लिहितानाच खिडकीत स्वाक्षरी दिसत होती काय, यावरून ती संगणकाकडून लागत होती की सर्व्हरकडून, याचा निर्णय होतो. पहिल्यावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, असे असल्यास सर्व्हरवरील 'बाहेरील' ही अट जवळजवळ निश्चित समजावी. तिन्हींवर नसेल, तर प्रश्न अंतर्गत संदेशांचा नाहीच. हेच तीन संदेश नंतर भ्रमणध्वनीवरून आणि ब्राउझरमधून पाठवून पाहावेत.

एवढ्यावर उलगडा झाला नाही, तर प्रशासकाने सर्व्हरवरील संदेश-मागोवा काढावा. अमुक संदेशास कोणते नियम लागू झाले, याची नोंद त्यात मिळते. नियमात बदल केल्यानंतर मात्र लगेच निष्कर्ष काढू नये. मायक्रोसॉफ्टच्या मेघ-सेवेत नवा नियम अमलात येण्यास अर्ध्या तासापर्यंतचा अवधी लागू शकतो. या अर्ध्या तासात अधीर होऊन तीन बदल करणारा प्रशासक पुढे कोणत्या बदलाने काम झाले हे सांगू शकत नाही.

स्वाक्षरी किती लांब असावी, याविषयी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या जाळ्यावरील शिष्टाचाराच्या मार्गदर्शक टिपणात चार ओळींची मर्यादा सुचविलेली आहे. ती आजही पुरेशी आहे. अंतर्गत संदेशास तर नाव, पदनाम, शाखा आणि विस्तारित दूरध्वनी क्रमांक एवढेच पुरते. सामाईक पत्त्यावरून काम चालत असेल, तेथे प्रत्येकाची स्वतंत्र स्वाक्षरी तयार करून त्या खात्यास जोडून द्यावी. स्वयंचलित निवड मात्र कोणाच्याही नावाची ठेवू नये, अन्यथा तिघांचेही संदेश एकाच्याच नावाने जातील. लिहिणाऱ्याने आपली स्वाक्षरी निवडल्याखेरीज संदेश सोडू नये, असा शाखेचा दंडक असावा. एखाद्याची बदली अथवा सेवानिवृत्ती झाली की कार्यभार सोपविण्याच्या यादीत किल्ल्या व नस्त्यांबरोबर या स्वाक्षरीचीही नोंद घेऊन ती त्या खात्यातून त्याच दिवशी काढून टाकावी.